जिवंत अर्जदार

आमच्या घरमालकीणबाईंना खोटा माणूस एक वेळ चालायचा, खोटं वाक्य चालायचं नाही.

ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात तुपाचं एक दुकान होतं. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘यहाँ असली घी मिलता है’. बाई तिथून जाताना दर वेळी थांबायच्या आणि दुकानदाराला अगदी मनापासून विचारायच्या, “भैया, नकली किधर मिलता है?” पहिल्यांदा तो हसला. मग चिडायला लागला. शेवटी एक दिवस त्याने ‘असली’वर चुना फिरवला आणि नुसतं ‘यहाँ घी मिलता है’ उरलं. त्या दिवसापासून बाई तूप त्याच्याकडूनच घेऊ लागल्या.

त्यांच्या शाळेचे जुने हेडमास्तर वारले तेव्हा शोकसभेला मी त्यांच्याबरोबर गेले होते. एकामागून एक वक्ते उठून सांगत होते की सर कधी कुणाला टाकून बोलले नाहीत. बाईंची चुळबुळ माझ्या लक्षात आली, पण मी हात धरायच्या आत त्या उभ्या राहिल्या होत्या. “मला बोलायचे,” त्या म्हणाल्या. “टाइमटेबल लागलं की हमखास बोलायचे. एकदा तर मुलींसमोर बोलले. आणि प्रयोगशाळेचं छत गळायला लागलं तेव्हा शिपाई नाही म्हणाला म्हणून स्वतः शिडीवर चढले, तेही तेच.” पुढच्या रांगेत सरांची पत्नी बसली होती. ती एकदम हसली आणि मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. नंतर तिने बाईंचा हात बराच वेळ सोडला नाही.

मी जबलपूरची. एका कंत्राटी नोकरीसाठी ग्वाल्हेरला आले आणि लश्कर भागात बाईंच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “खोली आवडली?” मी म्हटलं, “फार छान आहे.” त्या म्हणाल्या, “नल दुपारी येत नाही, माकडं येतात. आता सांग.” मी विचार करून म्हटलं, “ठीक आहे.” “हां,” त्या म्हणाल्या, “आता वाक्य खरं झालं,” आणि किल्ली दिली.

माकडांसाठी त्यांच्याकडे एक जुनी बॅडमिंटनची रॅकेट होती. ती काखेत मारून, सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून त्या सगळ्या शहरात पायी फिरायच्या. रस्त्याच्या उजव्या बाजूने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. मूळ घराणं शिपाईगिरीचं. त्याबद्दल विचारलं की सांगायच्या, “आमचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून आले म्हणे. म्हणे, कारण मी बघितलेलं नाही.” लग्न केलं नव्हतं. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. गल्लीतली मराठी माणसं त्यांना बाई म्हणत, बाकी सगळं शहर बहनजी.

एक गंमत होती. इतक्या काटेकोर बाई, पण भाषेच्या शुद्धतेचं त्यांना काही नव्हतं. पुण्याहून एक पाहुणे आले होते. आम्ही ‘तिला विचार’च्या जागी ‘तिच्याशी विचार’ म्हणतो, ‘सब्जी’ म्हणतो, आणि अर्धं वाक्य हिंदीत संपवतो, यावर ते बराच वेळ हसले. बाईंनी त्यांना तिळाची गजक वाढली आणि शांतपणे म्हणाल्या, “वाक्य वाकडं असलं तर चालतं हो. खोटं नको.”

माझी नोकरी अशी होती. रस्त्यावर अपघात झाला की पोलीस अहवाल लिहितात. त्याची प्रत विम्याला लागते, भरपाईच्या दाव्याला लागते, कोर्टात लागते. ती हवी असेल तर लोकांना एका सरकारी कार्यालयात जाऊन खिडकीवर अर्ज द्यावा लागायचा. तोच अर्ज घरबसल्या ऑनलाइन करता यावा, प्रत मोबाइलवर मिळावी, असा आमचा प्रकल्प होता. मी आणि आणखी दोघं त्याच इमारतीत बसून काम करायचो. खिडकी पहिल्या मजल्यावर होती. लिफ्ट नव्हती. अपघाताचा कागद मागायला येणाऱ्या माणसाचा पायच मोडलेला असू शकतो, हे खिडकी वर नेणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. बाईंना मी कामाबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “आणि कागदात लिहिलेलं खरं असतं का?” मी म्हटलं, ते आमचं काम नाही. “हं,” त्या म्हणाल्या.

मग एका सकाळी दाल बाजारात बाईंना ई-रिक्षाने उडवलं.

डावा पाय दोन जागी मोडला. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा त्यांना इंजेक्शन दिलं होतं आणि त्या अर्धवट गुंगीत डॉक्टरांना गुडघ्यावर ठोकायची हातोडी कशी धरावी ते शिकवत होत्या. बाहेर बाकावर एक मध्यमवयीन माणूस बसला होता. शर्टावर रक्त. बाईंचा एक बूट मांडीवर धरून. तो रिक्षावाला होता. त्यानेच त्यांना उचलून आपल्याच रिक्षात घालून आणलं होतं.

गुंगी उतरल्यावर बाईंनी जे सांगितलं ते असं. दाल बाजारात पोत्यांच्या हातगाड्या, त्यातून वाट काढत त्या चालल्या होत्या. समोरून ही रिक्षा सावकाश येत होती. एक मोटार रस्त्यातच उभी होती. तिच्यातल्या माणसाने न बघता खाडकन दार उघडलं. दाराला धडकू नये म्हणून रिक्षावाल्याने हँडल वळवलं आणि पुढे बाई होत्या. मोटारवाल्याने दार लावून घेतलं आणि तो निघून गेला. रिक्षावाला थांबला.

थांबला, म्हणून सापडला. हॉस्पिटलातून पोलिसांना कळवलं गेलं, हवालदार आले, बाई गुंगीत, आणि समोर हाच बसलेला, तेव्हा गुन्हा त्याच्यावरच नोंदला गेला.

हे सगळं बाईंना बऱ्याच दिवसांनी कळलं. पायाला मांडीपर्यंत प्लास्टर, अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या, तेव्हा तो केळी घेऊन आला. माताजी, कसं आहे म्हणाला. “माताजी नहीं. बहनजी,” बाई म्हणाल्या. “रिक्शा कहाँ खड़ा किया? गली में तो आवाज़ नहीं आई.”

“रिक्शा तो अब नहीं है बहनजी. मालिक का था. थाने से छुड़ाकर दूसरे को दे दिया. केस वाले को कौन देगा?”

“फिर करते क्या हो?”

“पड़ाव पर माल उठाता हूँ. ट्रांसपोर्ट में.”

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. पोती उचलायला सुरुवात करावी असं त्याचं वय नव्हतं. त्याने मात्र काही मागितलं नाही. केळी ठेवली, पायाकडे एकदा बघितलं आणि गेला.

“काय लिहिलंय त्या अहवालात?” बाईंनी मला विचारलं.

“साहजिक आहे बाई. त्याची चूक आहे असंच लिहिलं असणार.”

“असणार म्हणजे? तू वाचलंस?”

“नाही.”

“मीही नाही. जे वाचलंच नाही ते खोटं आहे असं मी कसं म्हणू? आधी कागद पाहिजे.”

मी म्हटलं, मी त्याच इमारतीत आहे, उद्याच आणून देते. यावर त्या अशा संतापल्या की प्लास्टरचा पाय स्टुलावरून घसरला. “तुझी ओळख आहे म्हणून मला मिळाला, तर ज्याची ओळख नाही त्याने काय करायचं? मी माझी जाईन.”

आणि खरंच आल्या. दुपारी खाली गडबड ऐकून मी जिन्याच्या तोंडाशी आले. बाई जिन्याकडे पाठ करून पहिल्या पायरीवर बसल्या होत्या. हातांच्या जोरावर अंग उचलायचं, वरच्या पायरीवर टेकायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायचं. प्लास्टरचा पाय पुढे तोफेसारखा रोखलेला. जाणारेयेणारे भिंतीला चिकटून वाट देत होते आणि पहारेकरी बिचारा वॉकर छातीशी धरून एकेक पायरी मागे चढत होता. मी धावत खाली गेले. “बाई, मी खांदा देते.”

“खांदा मेल्यावर देतात,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “आत्ता बाजूला हो. उजेड येऊ दे.”

खिडकीवर त्यांना सांगितलं गेलं की मागणी ठाण्यातून यायला हवी. ठाण्यात सांगितलं की वकिलामार्फत मागा. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या, तशाच, पाठमोऱ्या. त्याच्या पुढच्याही. खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता, त्याला नियमच तसा शिकवलेला होता. पण बाई जिना चढायला लागल्या की तो पाणी प्यायला जायचा आणि बराच वेळ यायचा नाही.

आमच्या वरच्या साहेबांनी हे एकदा जिन्यातच पाहिलं. आमच्या खोलीत येऊन म्हणाले, “चाचणी किती दिवसांत सुरू करू शकता?” मी म्हटलं, चार गोष्टी राहिल्यात. ते म्हणाले, “राहू द्या. खाली, तळमजल्यावर एक टेबल टाका आणि येईल त्याच्यासाठी सुरू करा. काय चुकतं ते लोकच सांगतील.”

तळमजल्यावर टेबल लागलं. बाई आल्या तेव्हा मी त्यांना हाक मारली. त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकण्याच्या बेतात होत्या. “हे सगळ्यांसाठी आहे का?” त्यांनी आधी विचारून घेतलं. “की मला म्हणून?”

“सगळ्यांसाठी, बाई.”

“मग खुर्ची दे.”

बाईंनी चष्मा पुसला आणि एका बोटाने अर्ज भरायला घेतला. नाव, पत्ता, तारीख, ठिकाण. मग त्या थांबल्या.

“हे काय विचारतंय?”

पडद्यावर होतं, ‘मृतक से आवेदक का संबंध’, म्हणजे मृताशी अर्जदाराचं नातं. खाली पर्याय होते. पती, पत्नी, पुत्र, पुत्री, अन्य. काहीतरी निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता.

“अन्य निवडा,” मी म्हटलं.

त्यांनी अन्य निवडलं. शेजारी चौकट उघडली, ‘कृपया स्पष्ट करें’. बाईंनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘मैं स्वयं. अभी जीवित हूँ.’ आणि बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली, ‘कृपया मृत्यु प्रमाण पत्र संलग्न करें.’

माझे दोन्ही सहकारी हसू आवरेना म्हणून खाली वाकले. रांगेतली माणसंही हसली. मलाही आलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मागे वळून रांगेकडे पाहिलं. एकाचा हात गळ्यात होता. एक बाई डोक्याला पट्टी बांधलेल्या नवऱ्याला धरून उभी होती.

“हसताय काय,” त्या म्हणाल्या. “इतकी माणसं जिवंत उभी आहेत, आणि तुमच्या या अर्जाला दार फक्त मेलेल्यांच्या नातेवाइकांसाठी.”

रांगेतल्या त्या बाईला मराठी कळली नसावी, पण ती म्हणाली, “सही कह रही हैं.”

साहेब खाली आले. बाईंनी त्यांनाही खुर्ची घ्यायला लावली. मृत्यूबद्दल आधी विचारूच नका, त्या म्हणाल्या. आधी विचारा, या अपघातात तुम्ही कोण? मग पर्याय द्या. जखमी, मृताचे नातेवाईक, वाहनाचा मालक.

“आणि आरोपी,” साहेब हिंदीत म्हणाले. “त्यालाही प्रत मिळायचा हक्क आहे.”

“आरोपी नहीं. वाहन चालक,” बाई म्हणाल्या. “वह गाड़ी चला रहा था, इतना तो पक्का है ना? बाकी अभी तय होना है. जितना पक्का है उतना लिखिए.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिहून घेतलं. पुढचे दोन दिवस आम्ही त्यावरच होतो. मग बाईंनी पुन्हा अर्ज भरला, आपल्या अंगणात बसून, स्वतःच्या मोबाइलवर. ‘आप इस दुर्घटना में कौन हैं?’ या प्रश्नापुढे ‘घायल व्यक्ति’ निवडलं. थोड्या दिवसांत प्रत आली.

त्यांनी ती मोठ्याने वाचली. अहवालात लिहिलं होतं की चालकाने वाहन तेज गतीने व लापरवाहीने चालवून घायल महिला, उम्र करीब अस्सी वर्ष, हिला टक्कर मारली.

“अस्सी!” बाई म्हणाल्या. “मी अजून पंचाहत्तरसुद्धा गाठलेली नाही. आणि ई-रिक्षा आणि तेज गती? दाल बाजारात? अगं, तिथे पोतं घेतलेला हमाल तिच्या पुढे जातो.” मग त्या थांबल्या. “मोटारीचा एक शब्दही नाही गं यात. दारच नाही.”

वॉकर टेकत त्या ठाण्यात गेल्या. मी बरोबर होते. तपास करणारा पोलीस तरुण होता, त्याच्यापुढे फायलींचा ढीग. त्याने नम्रपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “माताजी, ये लाइन तो हर रिपोर्ट में ऐसे ही लिखी जाती है.”

“बहनजी. हर रिपोर्ट में?”

“जी. तेज गति एवं लापरवाही. यही चलता है.”

“तो कोई धीरे चला रहा हो, तब भी?”

मला वाटलं, आता हा उठून जाईल. त्याने मानेवरून हात फिरवला आणि विचारलं, “तो क्या लिखें, आप बताइए.”

“जो हुआ, वो.”

त्याने कोरा कागद ओढला. बाई सांगत गेल्या, तो लिहीत गेला. मधेच बाई म्हणाल्या, “मोटर का रंग शायद सफ़ेद था. शायद ही लिखिए, मुझे पक्का नहीं.” त्याने तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतः दाल बाजारात गेला आणि एका डाळवाल्याचा जबाबही घेऊन आला. मोटारवाला सापडला नाही. प्रकरण आधीच कोर्टात गेलेलं होतं, तेव्हा हे सगळं तिथेच सांगावं लागणार होतं.

तारीख लागेपर्यंत हिवाळा आला. प्लास्टर निघालं होतं, पण बाई अजून लंगडत होत्या. कोर्टात त्या सरकारच्या बाजूच्या साक्षीदार, म्हणजे रिक्षावाल्याच्या विरुद्ध बाजूच्या. तो आरोपीच्या जागी उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. हात जोडलेले. मॅजिस्ट्रेट एक तरुण स्त्री होत्या. बाईंनी दार, मोटार, वळवलेलं हँडल, सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, “टक्कर इन्हीं की रिक्शा से हुई, यह सच है. ग़लती इनकी नहीं थी, यह भी सच है.”

सरकारी वकील गडबडले. मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं, “आप पर कोई दबाव तो नहीं है? अभियुक्त ने आपको कुछ दिया?”

बाईंनी जरा विचार केला. मला धडकी भरली, कारण मला त्यांचा स्वभाव ठाऊक होता.

“जी, दिया,” त्या म्हणाल्या. “केले दिए थे. दो ख़राब निकले.”

कोर्टात हशा पिकला. रिक्षावाला कावराबावरा होऊन बघायला लागला. मॅजिस्ट्रेटबाईंनी मान खाली घातली, लेखनिकाला काही लिहायला सांगितलं, आणि वर पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे हसत होते. डाळवाल्याचीही साक्ष झाली. पुढच्या तारखेला रिक्षावाला निर्दोष सुटला.

निकाल ऐकून तो बाहेरच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. बाई त्याच्या शेजारी उभ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, “चलो. मालिक के पास चलते हैं. फ़ैसला उसे भी पढ़वाना है.” आणि ती दोघं गेली, तो पुढे, त्या मागे लंगडत. महिन्याभरात तो पुन्हा रिक्षा चालवायला लागला.

पुढच्या वर्षी माझी बदली भोपाळला झाली. तोपर्यंत आमचं काम सगळीकडे सुरू झालं होतं. वरची खिडकी बंद झाली होती आणि तिथे आता कपाटं ठेवली होती. निघायच्या दिवशी सामान स्टेशनवर पाठवून मी बाईंचा निरोप घ्यायला खाली आले, तर अंगणात माणसं बसलेली.

हे मला नवीन नव्हतं. गेले काही महिने लोक येत होते. कागद मोबाइलवर मिळायला लागला, पण तो वाचायचा कसा आणि वाचून करायचं काय, हे कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी रिक्षावाल्याकडून ऐकून यायचं, कुणी कोर्टातून. बाई त्यांचे अर्ज भरून द्यायच्या नाहीत. त्या फक्त समोर बसवून अहवाल वाचून घ्यायच्या, एकेक वाक्य, आणि दर वाक्याला विचारायच्या, “यह सच है?”

त्या दिवशी समोर मुरार भागातली एक तरुण बाई होती. ट्रकने तिच्या नवऱ्याची मोटारसायकल उडवली होती. तो अजून अंथरुणावर होता. ती आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती, बरोबर आलेला दीरच सगळं सांगत होता. बाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि मोबाइल तिच्या हातात दिला.

तिने अडखळत वाचलं. पहिलं वाक्य. बाईंनी विचारलं, “सच?” तिने मान हलवली. दुसरं वाक्य. मान हलवली. तिसऱ्या वाक्यात लिहिलं होतं की मोटारसायकलवाला चुकीच्या बाजूने येत होता. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मोबाइल खाली ठेवला.

दीर बोलायला लागला. बाई म्हणाल्या, “तुम नहीं.”

मी दारात उभी होते. गाडीची वेळ होत आली होती. मी हळूच म्हटलं, “बाई, निघते मी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या तिच्याकडेच बघत होत्या.

“नहीं,” ती बाई म्हणाली. आवाज इतका बारीक की ऐकायला वाकावं लागलं. मग एकदम मोठ्याने, “नहीं. ये अपनी साइड में थे. मैं पीछे बैठी थी, मैंने देखा है. ट्रक—”

“बस जरा,” बाई मला मराठीत म्हणाल्या. “तिचं वाक्य पूर्ण होऊ दे.”

मी बॅग खाली ठेवली आणि पायरीवर बसले.